‘मानापमान’ सॅक्सोफोनवर वाजवलं तर?

जानेवारी २०२५ मध्ये शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत घेऊन ‘संगीत मानापमान’ हा सिनेमा आला, तेव्हा ‘मूळ ते मूळच’ हे वाक्य तुम्हीही घरात ऐकलं असेल. पण मूळ म्हणजे नेमकं काय हो?

खाडिलकरांचं हे नाटक १९११ चं. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे पट्टीचे पेटीवादक, आणि पेटी आली युरोपातून. त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदांत उतरवला. म्हणजे ते ‘मूळ’सुद्धा त्या काळचं फ्युजनच!

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. रिचर्ड रॉजर्स हा तिथला नाट्यसंगीतकार. त्याचं ‘द साउंड ऑफ म्युझिक’ १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलं. पुढच्याच वर्षी जॉन कोल्ट्रेनच्या जॅझ चौकडीनं त्यातलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ रेकॉर्ड केलं, जवळपास पावणेचौदा मिनिटांचं. गाणं लगेच ओळखू येतं. मग पियानो मोजक्या कॉर्ड्सवर घुटमळत राहतो आणि सॅक्सोफोन त्यावर बढत करत सुटतो. ऐकताना तानपुरा आठवला तर नवल नाही. कोल्ट्रेन रविशंकरांचा चाहता होता, मुलाचं नावही त्यानं रवी ठेवलं.

बालगंधर्व वन्समोअर घेत, तेव्हा तेच पद पुन्हा वेगळं फुलायचं. सिनेमाच्या चार मिनिटांत ती मोकळीक मावत नाही. म्हणून मला वाटतं, नाट्यपदाला सिनेमापेक्षा जॅझ जवळचं आहे. अट एकच, आधी पद नीट पाठ हवं.

कायद्याचंही ऐका. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चाली २०१५ अखेर सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. कुणाचं रेकॉर्डिंग उचलणं मात्र वेगळा विषय. अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, म्हणजे ‘कट्यार’च्या त्यांच्या चालींना २०५८ अखेरपर्यंत परवानगी लागणार.

मग यंदा युवारंगला ‘मानापमान’ का नको? सारंगखेड्यात चौकडी कुठून आणायची, असं म्हणू नका. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट असतंच, एखादा सॅक्सोफोनही निघेल. कीबोर्डवाला कॉलेजात सापडतो. फक्त घोडे नाचवायची सवय असलेल्या ढोलवाल्याला ‘दादा, जरा हळू’ हे कोण सांगणार, तेवढं आधी ठरवा.