विश्लेषण : मुलगा राजा झाला नाही, तरी आज गादी त्यांच्याच घराण्याकडे, कोण होत्या थायलंडच्या राणी सवांग वद्धना?

बँकॉकला जाऊन आलेल्या अनेकांच्या मोबाइलमध्ये सयाम पॅरागॉन मॉलसमोर काढलेला फोटो असतो. याच मॉलच्या शेजारी, झाडीच्या आड एक राजवाडा आहे. त्याचं नाव स्रा पथुम, म्हणजे कमळांचं तळं. थायलंडचे सध्याचे राजे वजिरालोंगकोर्न यांच्या पणजी सवांग वद्धना इथे राहत होत्या.

थायलंडच्या राण्यांविषयी आपल्याकडे सहसा एकच गोष्ट फिरते. राणी सुनंदा बोट उलटून बुडाल्या आणि राजघराण्यातील व्यक्तीला स्पर्श करायला बंदी असल्यानं कुणी हात दिला नाही, ही ती गोष्ट. सवांग वद्धना या त्याच सुनंदांच्या सख्ख्या धाकट्या बहीण. त्यांची गोष्ट क्वचितच कुणी शेअर करतं. आजचं थायलंड समजून घ्यायचं असेल तर मात्र हीच गोष्ट जास्त उपयोगी आहे.

एकाच राजाच्या तीन राण्या, तिघी सख्ख्या बहिणी

सवांग वद्धना यांचा जन्म १० सप्टेंबर १८६२ चा. वडील राजे मोंगकुट, म्हणजे चौथे राम. हॉलिवूडच्या ‘द किंग अँड आय’मधला राजा तो हाच. आईचं नाव पियाम. पियाम यांच्या तीन मुली सुनंदा, सवांग आणि साओवाभा या तिघींचा विवाह राजे चुलालोंगकोर्न (पाचवे राम) यांच्याशी झाला. चुलालोंगकोर्न हेही मोंगकुट यांचेच पुत्र, म्हणजे या तिघींचे सावत्र भाऊ. आज हे वाचून धक्का बसतो. पण राजरक्त घराबाहेर जाऊ नये आणि सत्ता विभागली जाऊ नये, हा त्या काळच्या सयामी दरबाराचा हिशेब होता.

पियाम यांच्या मुलांनीही मोठी पदं सांभाळली. त्यांपैकी देववोंग्से यांनी १८८५ ते १९२३ अशी तब्बल ३८ वर्षं सयामचं परराष्ट्र खातं पाहिलं. दुसरे पुत्र स्वस्ति यांची मुलगी पुढे सातव्या रामांची राणी झाली. थोडक्यात, अनेक दशकं सयामचा दरबार पियाम यांच्या लेकरांभोवती फिरत होता.

राणीचा दर्जा मुलावर ठरायचा

चुलालोंगकोर्न यांना अनेक राण्या आणि सत्तरहून अधिक मुलं होती. अशा घरात राणीचं स्थान तिचा मुलगा कोण होणार यावर ठरे. १८८० मध्ये सुनंदा आणि त्यांची लहान मुलगी बुडून मरण पावल्या. सवांग यांचा मुलगा वजिरुणहिस सयामचा पहिला युवराज म्हणून जाहीर झाला. त्याआधी दरबारात ‘उपराजा’चं वेगळं पद होतं. ते रद्द करून युरोपच्या धर्तीवर युवराजपद आणलं गेलं. युवराजाची आई म्हणून सवांग यांचा मान सर्वांत वरचा झाला.

तो मान फार टिकला नाही. जानेवारी १८९५ मध्ये विषमज्वरानं १६ वर्षांच्या युवराजाचा मृत्यू झाला. सवांग तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. युवराजपद धाकट्या बहिणीच्या, साओवाभा यांच्या मुलाकडे, वजिरावुधकडे गेलं. १८९७ मध्ये राजे युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा राज्यकारभारही साओवाभा यांच्या हाती सोपवण्यात आला. सवांग यांचं दुःख एवढ्यावर थांबलं नाही. १८९८ मध्ये एक मुलगी गेली, १८९९ मध्ये आणखी एक मुलगा. आठ अपत्यांपैकी उरली फक्त दोन : मुलगी वलय आणि मुलगा महिदोल.

मग त्यांनी काय केलं?

प्रकृती ढासळल्यावर सवांग समुद्रकाठच्या श्रीराचा इथे हवापालटासाठी राहिल्या. तिथेच १९०२ मध्ये त्यांनी रुग्णालय सुरू केलं. त्यांचं नाव असलेलं ते रुग्णालय आजही चालू आहे. १८९३ च्या फ्रान्सबरोबरच्या संघर्षात जखमी सैनिकांसाठी स्थापन झालेली संस्था पुढे थाई रेडक्रॉस झाली. १९२० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ३५ वर्षं, सवांग तिच्या अध्यक्षा होत्या.

राजाच्या इतर राण्यांची पोरकी मुलंही त्यांनी वाढवली. त्यांतला एक रंगसित. जन्मानंतर काही दिवसांतच त्याची आई वारली होती. याच रंगसितनं पुढे महिदोल यांना बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाची दुरवस्था दाखवली आणि वैद्यकशास्त्र शिकायला राजी केलं. जर्मनीत लष्करी शिक्षण घेतलेले महिदोल नौदल सोडून हार्वर्डला गेले आणि १९२८ मध्ये डॉक्टर झाले. थायलंड त्यांना आधुनिक वैद्यकाचे जनक मानतो.

महिदोल यांनी लग्न केलं ते संगवान या सोनाराच्या मुलीशी. ती परिचारिका होती आणि शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकत होती. ज्या घराण्यात राजरक्तासाठी भावाबहिणींची लग्नं लावली जात, तिथं सर्वसामान्य घरातली सून आली. लग्न झालं स्रा पथुम राजवाड्यातच, १० सप्टेंबर १९२० रोजी, म्हणजे सवांग यांच्या वाढदिवशी.

गादी परत कशी आली?

साओवाभा यांचे दोन मुलगे राजे झाले. १९२५ मध्ये वजिरावुध (सहावे राम) वारले. मागे होती दोन दिवसांची मुलगी. १९२४ चा वारसा कायदा स्त्रीला गादी देत नव्हता. त्यांचे मधले भाऊ आधीच गेले होते, त्यामुळे सर्वांत धाकटे प्रजाधिपोक (सातवे राम) राजे झाले. १९३२ मध्ये क्रांती होऊन राजाची निरंकुश सत्ता संपली आणि मार्च १९३५ मध्ये त्यांनी गादी सोडली. त्यांनाही मूल नव्हतं.

महिदोल १९२९ मध्येच वारले होते. त्यांचा ९ वर्षांचा मुलगा आनंद तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये शिकत होता. तो आठवा राम झाला. ४० वर्षांनी गादी सवांग यांच्या घरी परतली होती. १९४६ मध्ये आनंद यांचा गोळी लागून मृत्यू झाला आणि धाकटे भूमिबल (भूमिबोल) राजे झाले. त्यांनी पुढे ७० वर्षं राज्य केलं. १९५० मध्ये सिरिकित यांच्याशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा वधूवरांवर पवित्र जल शिंपडायला आजी सवांग हजर होत्या. सहा राजांचा काळ पाहून, आठही अपत्यांच्या मागे त्या १७ डिसेंबर १९५५ रोजी वारल्या. वय होतं ९३.

यातून घ्यायचं काय?

ही गोष्ट थोडी सावधपणे वाचायला हवी. थायलंडच्या फौजदारी कायद्याचं कलम ११२ राजघराण्याच्या बदनामीसाठी प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षांची शिक्षा सांगतं. तिथलं राजघराण्यावरचं लिखाण बहुतेक आदरानंच भरलेलं असतं ते त्यामुळेही. सवांग यांच्या त्यागाचे गोडवे गाताना, एका बाईचं मोल तिच्या मुलग्यावर ठरवणाऱ्या व्यवस्थेबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

रुग्णालय, शिष्यवृत्ती, पोरक्या मुलांचा सांभाळ, मुलाचं शिक्षण ही सवांग यांची कामं दरबारी हिशेबात दुय्यम होती. पण आठव्या, नवव्या आणि दहाव्या रामांपर्यंतची वाट याच कामांतून गेली. रंगसित या घरात वाढला नसता, तर महिदोल कदाचित नौदलातच राहिले असते आणि परिचारिका संगवान या घरात आलीही नसती.

आणि तरीही १९२४ चा तो कायदा स्त्रीला वारस मानत नाही. वारस जाहीर झालेला नसेल तर राजकन्येचं नाव पुढे आणता येईल, अशी फट १९७४ च्या राज्यघटनेनं ठेवली. ती अजून वापरली गेलेली नाही. ज्या घराण्याची गादी एका आजीमुळे टिकली, त्या घराण्यानं नातींसाठी दार अर्धवटच उघडं ठेवलं आहे. पुढच्या वेळी बँकॉकच्या त्या मॉलसमोर फोटो काढाल, तेव्हा शेजारच्या झाडीकडेही एकदा पाहा.