मापातले पाप

व्हिडिओ गेम म्हणजे पोरासोरांचा चाळा. त्यातल्या चित्रांची चर्चा कार्यकर्त्यांनी का करावी, असे काहींना वाटेल. परंतु मक्तेदारी भांडवल गरज कशी निर्माण करते, आणि ती भागली की नाही हे ठरविण्याचे मापही स्वतःच्याच हाती कसे ठेवते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

खेळातले दृश्य यंत्र दर सेकंदाला अनेकवार नव्याने रेखाटत असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. फ्रेम जितक्या अधिक, तितकी हालचाल सफाईदार आणि खेळणाऱ्याच्या हाताला प्रतिसाद तत्पर. हे काम करणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारपेठेवर एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीचे वर्चस्व आहे. तिने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘रे ट्रेसिंग’चा, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढून सावल्या आणि प्रतिबिंबे उमटविण्याच्या पद्धतीचा, क्रांती म्हणून उद्घोष केला. वस्तुतः टर्नर व्हिटेड यांचा या विषयावरील सुप्रसिद्ध निबंध १९८० सालचा. नवे होते ते कार्ड आणि त्याची किंमत. २०१७ मध्ये ज्या श्रेणीचे कार्ड ६९९ डॉलरला मिळत होते, त्याच श्रेणीच्या नव्या कार्डाची कंपनीची स्वतःची आवृत्ती १,१९९ डॉलरला आली. आणि सप्टेंबरमध्ये विक्री सुरू झाली तेव्हा त्या प्रकाशाचा उपयोग करणारा एकही खेळ बाजारात नव्हता!

पुढे खेळ आले. पण किरणांच्या हिशेबाने नवी कार्डेही धापा टाकू लागली, फ्रेम घटल्या. त्यावरचा उताराही त्याच दुकानात तयार होता. चित्र लहान काढायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंदाजाने ते मोठे करायचे. २०२२ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले: दोन खऱ्या फ्रेममध्ये एक अंदाजाने बनविलेली फ्रेम घुसवायची. २०२५ मध्ये एकीच्या जागी तीन घुसविता येऊ लागल्या. त्या वर्षीच्या जानेवारीत कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी जाहीर केले की, ५४९ डॉलरचे नवे कार्ड आदल्या पिढीतील १,५९९ डॉलरच्या कार्डाइतकी कामगिरी करील. ही किमया कृत्रिम बुद्धिमत्तेची, हेही त्यांनी सांगितले. पण त्या किमयेचा अर्थ काय? चारांपैकी तीन फ्रेम खेळाने रेखाटलेल्याच नाहीत. शिवाय मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम काही क्षण अडवून ठेवावी लागते. म्हणजे आकडा धावतो, हाताला मिळणारा प्रतिसाद मात्र जलद होत नाही. उलट किंचित रेंगाळतो. याला आपल्याकडे मापात पाप म्हणतात.

उत्पादनच गरजा निर्माण करते आणि मग त्या भागविल्याचे श्रेय घेते, हे गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्येच दाखवून दिले होते. येथे त्याहीपुढची मजल आहे. दुखणे विकणारा आणि औषध विकणारा एकच.

‘नको असेल त्याने घेऊ नये’ हा युक्तिवादही आता टिकत नाही. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सवरचा खेळ आणि २०२५ मधला नवा ‘डूम’ रे ट्रेसिंगच्या यंत्रणेशिवाय चालतच नाहीत. २०१७ सालचे धडधाकट कार्ड त्यांच्यापुरते भंगार ठरले. कलावंतांनी प्रकाशयोजना आधी रचून ठेवण्याचे पुष्कळ श्रम या पद्धतीने वाचतात, हे खरे. तथापि वाचलेल्या श्रमांचा लाभ कोणाला? हे दोन्ही खेळ मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली निघाले. त्याच कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातून १,९०० जणांना घरी पाठविले. ती कपात या तंत्रामुळे झाली असे म्हणता येणार नाही. परंतु श्रम वाचले म्हणून श्रमिक सुरक्षित झाला, असे तर मुळीच म्हणता येणार नाही.

अशी शंका घेणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरविण्याची रीत जुनी आहे. शंका विज्ञानाविषयी नाही. २०२१ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने चित्र मोठे करण्याचे आपले तंत्र खुले केले. ते जुन्या आणि परक्या कार्डांवरही चालत होते. जुन्या यंत्राचे आयुष्य वाढविणारे विज्ञान शक्य आहे, याचा हा पुरावा. पण २०२५ मध्ये त्याच कंपनीने त्याची चौथी आवृत्ती आणली ती आपल्या नव्या कार्डांपुरती. दोन-तीन विक्रेत्यांची स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करील, ही आशा किती भाबडी आहे ते यावरून कळावे.

म्हणून मागणी साधी आहे. रेखाटलेल्या फ्रेम आणि अंदाजाच्या फ्रेम वेगळ्या मोजा. प्रतिसादाला लागणारा वेळ खोक्यावर छापा. जुने कार्ड किती वर्षे चालेल याची हमी द्या. धान्याच्या दुकानात वजनांवर सरकारी शिक्का लागतो, तो दुकानदाराच्या सचोटीवर विसंबून चालत नाही म्हणूनच. दुकान प्रकाशकिरणांचे असले, तरी तराजू दुकानदाराच्या हाती ठेवता येणार नाही.