गंधार कुणी छेडत नाही

गेल्या महिन्यात मुलगी अभ्यासाला बसली होती आणि तिच्या खोलीतून तानपुरा ऐकू आला. हातातली भांडी तशीच ठेवून मी दारात जाऊन उभी राहिले. तानपुऱ्यावर पावसाचा आवाज, मधूनच बासरी, खाली मंद ठेका. विचारलं, बासरी कोण वाजवतंय? तिने पडद्यावर पाहिलं. नाव नव्हतंच. 'इंडियन', 'रिलॅक्स', 'फोकस' एवढे तीन शब्द होते.

आमच्या मंडळात असल्या संगीताचा विषय निघाला की दोन तट पडतात. जाणकार म्हणतात, राग हा मांडी घालून ऐकायचा असतो, काम करता करता नव्हे. दुसरे म्हणतात, मुलं निदान एवढं तरी ऐकतात ना! मला दोन्ही पटत नाही.

मी डोंबिवलीत वाढले. समोरच्या बिऱ्हाडातला रियाज आमच्या गॅलरीत यायचा आणि आई मेथी निवडता निवडता तो ऐकायची. सकाळी साडेसातला विविध भारतीवर 'संगीत सरिता' लागे, ती डबे भरण्याच्या गडबडीत कानावर पडे. पुढे नोकरीला लागल्यावर संध्याकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्याच्या जाळीपलीकडे, रोज भजन रंगलेलं असायचं. तेव्हा फास्ट गाड्या ठाण्यापुढे पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ सालचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. गाडी आत शिरली की चाकांचा खडखडाट दुप्पट होई, आणि त्यातूनही टाळांचा नाद भिंतींवर आपटून परत येई. उभ्याउभ्या पेंगणाऱ्या बायका डोळे न उघडताच बोटांनी ताल धरत. ब्रायन ईनोने १९७८ साली विमानतळासाठी संगीत करून त्याला 'अँबियंट' हे नाव दिलं. लक्ष देऊन ऐकावं, नाही दिलं तरी बिघडत नाही, असं संगीत. आमच्या कर्जत लोकलला ते नाव कुणी दिलं नाही, इतकंच. काम करता करता ऐकण्याने कान बिघडत असते, तर कल्याण-डोंबिवलीत गाणं समजणारी इतकी माणसं झाली नसती. कल्याणच्या गायन समाजाच्या मैफलीत तासन्‌तास हलत नसत ती हीच माणसं.

माझी तक्रार वेगळी आहे. मुलीच्या खोलीतला तो तानपुरा मी नीट कान देऊन ऐकला. काही सेकंदांचा एक तुकडा होता, तोच पुन्हा पुन्हा फिरत होता. खऱ्या तानपुऱ्याला चार तारा: एक पंचम, दोन जोड, एक खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. तो नेमक्या जागी आला की तार उघडते, आणि खर्जातून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार तिथे नसते. तो कुणी छेडत नाही; जुळलेल्या खर्जाच्या पोटातच तो असतो. पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हवा बदलली की तार उतरते, पुन्हा लावावी लागते. म्हणून खऱ्या तानपुऱ्याचं एक आवर्तन दुसऱ्यासारखं नसतं.

हे पाश्चात्त्यांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी टेरी रायली आणि ला माँट यंग या संगीतकारांकडे पाहावं. पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत आले आणि हे दोघे त्यांचे शिष्य झाले, १९९६ साली गुरू जाईपर्यंत शिष्यच राहिले. आजच्या अँबियंटच्या मुळाशी या दोघांचं काम आहे. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. आणि आपल्या हिराबाई बडोदेकरही वहीद खाँसाहेबांकडेच शिकल्या. म्हणजे हे संगीत परकं म्हणून हिणवायचं कारण नाही, नात्यातलंच आहे. पण रायली आपल्या गुरूचं नाव सांगतात. मुलीच्या यादीत कुणाचंच नाव नाही. १९८७ साली लंडनमध्ये रेकॉर्ड विकणाऱ्या मंडळींनी सोयीसाठी 'वर्ल्ड म्युझिक' असा खण ठरवला. दुकानाला खण लागतोच. पण त्या खणात ठाण्यात बासरी शिकलेला मुलगा नुसता 'इंडियन फ्लूट' होऊन जातो, हे मला सहन होत नाही.

मुलीला मी ते बंद करायला सांगितलं नाही. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचं १९६७ सालचं 'कॉल ऑफ द व्हॅली' लावून दिलं आणि तिघांची नावं सांगितली. अभ्यास त्यावरही होतो. आता तीच विचारते, हा कुठला राग?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतही तानपुरा फोनवर लावतात. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो करणारी घरं आजही तिथे आहेत. या वर्षी सजावटीचा खर्च थोडा कमी करून मंडळाने एक तानपुरा मागवावा. तो लावायला मी मुलांना शिकवीन, दर रविवारी, माझ्या घरी. ज्यांना मुलं पाठवायची आहेत त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावं.