ओल, बुरशी आणि घराचा हिशेब

पावसाळा सरू लागला की मध्यमवर्गीय घरांत रंगाऱ्याचा शोध सुरू होतो. फुगलेला गिलावा खरवडायचा, काळ्या डागांवर डिस्टेंपरचे दोन हात द्यायचे आणि दिवाळीपुरती भिंत साजरी करायची, हा मुंबई-कोकणातील कित्येक कुटुंबांचा वार्षिक परिपाठ आहे. पुढील आषाढात डाग पुन्हा त्याच जागी उमटतात. दुरुस्तीचा एकवेळचा खर्च टाळण्यासाठी आपण रंगाचा खर्च दरसाल करीत राहतो आणि त्यालाच काटकसर म्हणतो.

वस्तुतः बुरशी हा अस्वच्छतेचा दोष नव्हे. (त्यापायी घरच्या गृहिणीने उगाच बोल ऐकलेले आहेत.) ती ओलीवर जगते, ओल हटली नाही तर रंगाखालीही वाढते. ओलसर घरे आणि दमा व इतर श्वसनविकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नोंदविला आहे. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेते. त्याच्या खोकल्याची औषधे आणि आईबापांच्या बुडालेल्या रजा मात्र रंगाच्या हिशेबात कोणी धरीत नाही.

साफसफाईतही घाई अंगाशी येते. कोरड्या ब्रशाने भिंत खरवडली की बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. मुलांना प्रथम दुसरीकडे पाठवावे, खिडक्या उघडाव्यात, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि डाग ओला करून साबणाच्या पाण्याने पुसून भिंत पूर्ण सुकू द्यावी. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड तर कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. डाग हातभराहून मोठा असेल, अथवा घरात दम्याचे मूल असेल, तर हे काम जाणकारावर सोपवावे.

परंतु खरा प्रश्न आहे तो पैसे कोणी द्यायचे हा. पाणी एकाच्या न्हाणीघरातून झिरपते आणि बुरशी दुसऱ्याच्या भिंतीवर धरते. ज्याला खर्च करायचा त्याला त्रास नाही, आणि ज्याला त्रास त्याच्या हाती नळ नाही! प्रस्तुत लेखकाच्या घरी मुलीच्या पाळण्यामागची भिंत तीन पावसाळे याच वादात भिजत राहिली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची व बाहेरील सामाईक नळ यांची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची असते, आणि सभासदाच्या न्हाणीघरातली त्या सभासदाने. पागडीच्या जुन्या चाळींत १९९९ च्या कायद्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी. पण मूळ आकडाच इतका क्षुल्लक की मालकाला दुरुस्तीत रस कसा उरावा?

इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात राहून दगावला. तक्रार करणाऱ्या वडिलांना त्यावर रंग लावण्याचा सल्ला मिळाला होता. त्या मुलाच्या नावाने झालेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तेथे लागू झाला. तातडीचा धोका असल्यास सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकाने चोवीस तासांत उपाययोजना केलीच पाहिजे. आपल्याकडे किमान संस्थेच्या वार्षिक सभेत गळतीच्या तक्रारीला उत्तर देण्याची मुदत ठरविता येईल. त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही.