टाकायचं कोणतं?

मंडळी, आपल्या भोपाळच्या मराठी घरांत दिवाळीच्या रात्री फराळाची ताटं उचलली की चादर पसरते आणि रमीचा डाव मांडला जातो. या वर्षी भाच्याने पत्त्यांऐवजी सोंगट्यांची पेटी उघडली. जपानी माहजोंग!

खेळ आपल्या रमीचा भाऊच. सोंगट्या 136, प्रत्येक प्रकारच्या चार-चार. हातात तेरा, एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जुळली की डाव आपला. रमीत आपण टाकलेलं पान फक्त पुढचा खेळाडू उचलतो. इथे मात्र आपल्या सोंगटीवर तिघांपैकी कोणीही डाव जिंकू शकतो, आणि सगळे गुण एकट्या टाकणाऱ्याने भरायचे.

तिसऱ्या डावात भाच्याने हजार गुणांची काडी मध्ये ठेवली आणि म्हणाला, "रीची!" म्हणजे त्याला आता एकच सोंगटी हवी होती, आणि हात बदलायची त्याला मुभा नव्हती. माझाही हात सुंदर जमला होता. तो मोडवेना. मी बांबूची पाच टाकली. "रॉन!" पंचवीस हजारांतले आठ हजार एका फटक्यात गेले.

मग त्याने माझ्या सोंगट्या उलट्या करून पाहिल्या. "आत्या, तुझ्याकडे उत्तर वाऱ्याची जोडी होती. मी उत्तर आधीच टाकलाय. ती जोडी मोडली असतीस तर दोन पाळ्या निर्धास्त होतीस."

इथला नियम असा, की ज्या सोंगटीवर आपण जिंकणार ती आपणच आधी टाकलेली असेल, तर दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकता येत नाही. म्हणून समोरच्याने टाकलेली सोंगटी त्याच्यापुरती शंभर टक्के सुरक्षित. त्याने रीची केल्यावर इतरांनी टाकलेली आणि त्याने सोडलेली सोंगटीही तशीच.

तशी सोंगटी हातात नसेल तर थोडं गणित. समजा, त्याने बांबूचा 4 टाकलाय. तो 2-3 धरून बसला असेल, तर त्याला 1 किंवा 4 लागणार. पण 4 त्यानेच टाकलेला, म्हणून आपल्या 1 वरही तो जिंकू शकत नाही. 5-6 धरून बसला असेल तर 7 चं तेच. म्हणजे 4 दिसला की 1 आणि 7 बऱ्यापैकी सुरक्षित. पूर्ण नव्हे! तो 1 च्या जोडीसाठी किंवा 6-8 च्या मधल्या 7 साठी थांबला असेल, तर आपण फसलो. आणखी एक खूण: चारही 8 दिसले असतील, तर 7-8-9 आता कोणाचंच होणार नाही. मग 9 चा धोका खूप कमी.

रमीत असा नियम नाही. पुढच्याने बदामची सत्ती टाकली म्हणून अठ्ठी निर्धोक समजावी, तर ती सत्ती आमिष निघते! शिवाय टाकलेली पानं एकाच ढिगात, ती लक्षात ठेवावी लागतात. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, तेव्हा पडलेली पानं लक्षात ठेवण्याचाच दाखला दिला होता. माहजोंगमध्ये प्रत्येकाच्या टाकलेल्या सोंगट्या त्याच्यासमोर क्रमाने उघड्या असतात. मला त्या दिसत होत्या. मी फक्त माझाच हात पाहत होते.

रमीतही मी हेच करते. पहिल्याच फेरीत पॅक केलं तर वीस गुण लागतात, पण "एकच पान हवंय" म्हणत बसते आणि ऐंशी भरते. पुढच्या दिवाळीला चादर पसरली की आधी समोरच्यांची टाकलेली पानं बघेन, मग माझी.

तुमच्या घरी हात मोडण्यात वाकबगार कोण? जरूर कळवा.