रॅम टाकण्याआधी

नांदगाव पेठच्या आमच्या दुकानातला डेस्कटॉप २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यानंच ओढलं. पण या लग्नसराईत कोरलमध्ये पत्रिकेवर फोटो बसवून शेजारी एखादी पीडीएफ उघडली, की तो अडून बसायचा. समोर नवरीचे वडील ताटकळत. पुतण्या म्हणाला, "काका, देऊन टाका न हे भंगारात. नवं घेऊ."

मला ते पटलं नाही. चालती वस्तू अशी टाकून देणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. पण दुखणं न पाहता रॅम टाकणं हेही बरोबर नव्हे.

म्हणून काम अडलेलं असतानाच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९४ टक्के, डिस्क १०० टक्के. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. फिरत्या तबकडीला ही ने-आण झेपत नाही. कॅबिनेटवरचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही तो त्यामुळेच. मेमरीचा आकडा पन्नास-साठवर असता, तर मी रॅमवर एक रुपया घातला नसता.

वायर काढून कॅबिनेट उघडलं. हायवेलगतचं गाव, पंख्याच्या पात्यांवर धूळ पिंजलेल्या कापसासारखी बसली होती. ब्रशनं ती काढली. रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलके पुसले. शेजारचा स्लॉट इतकी वर्षं रिकामाच होता! पट्टीवर लिहिलं होतं डीडीआर३. हे वाचणं फार गरजेचं. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८, आणि मधली खाचही वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दाबून बसवाल तर मदरबोर्ड जाईल.

नवं मशीन घेण्याची ही वेळही नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून भाव चढले. मायक्रॉननं तर त्या डिसेंबरात 'क्रुशियल' नावानं ग्राहकांना मेमरी विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. अमरावतीत राजकमल चौकाजवळ एका दुकानदारानं ४ जीबीची वापरलेली पट्टी लावून, तपासून दिली. वर म्हणाला, "भाऊ, संग एसएसडी टाका, मंग पाहा." टाकली. दोन्हींचा फरक पहिल्याच पत्रिकेला दिसला.

एक गोष्ट मात्र रॅमनं बदलत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. म्हणून बँकेचं, आधारचं काम या मशीनवर मी बंद केलं. ते पुतण्याच्या लॅपटॉपवर. इथं फक्त टायपिंग, डिझाइन आणि प्रिंट. तेवढ्यासाठी हे मशीन अजून तीन-चार वर्षं पुरेल, असं माझं मत आहे.

तुमचंही अडत असेल, तर आधी टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा पाहा. ऐंशीच्या वर असेल तरच दुकानाची वाट धरा, आणि जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या.