निर्लेखनावर सही करण्याआधी एवढं विचारा

शाळेतला कॉम्प्युटर 'सारखा हँग होतो' एवढ्या एका शेऱ्यावर भंगारात जातो. हे थांबायला हवं.

प्रकार बहुतेक ठिकाणी सारखाच. २०१० च्या आसपासचं मशीन. स्लो झालं म्हणून कोणीतरी स्वस्तातला जुना क्वाड कोअर प्रोसेसर आणून बसवतो. दोन दिवस बरं चालतं, मग आपोआप रीस्टार्ट, निळी स्क्रीन. दुकानदार सांगतो, "सर, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." लगेच डेडस्टॉक रजिस्टर निघतं, निर्लेखनाचा प्रस्ताव तयार. नवीन मशीन कधी येणार याचं उत्तर मात्र कोणाकडेच नसतं. तोवर लॅबला कुलूप!

सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला, असं नसतं राव. इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटमध्ये पेंटियम ४ पण बसतो आणि कोअर २ क्वाड पण. पण कोअर २ ड्युओ ई७५०० हा ६५ वॅटचा, तर क्वाड क्यू६६०० हा ९५ किंवा १०५ वॅटचा. स्वस्त बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग, छोटा कूलर, थकलेला एसएमपीएस, यांनी हा भार पेलायचा कसा? तीन एचपीच्या वायरिंगवर पाच एचपीची मोटर जोडायची आणि वर मोटरला शिव्या द्यायच्या, त्यातली गत.

तपासणी एका दिवसाची आहे:

१. जुना प्रोसेसर परत बसवा. हँग होणं थांबलं तर बोर्ड जिवंत आहे.
२. बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये नवा प्रोसेसर आहे का आणि कोणत्या बायोसपासून, ते बघा. बायोस अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड खरंच जाईल.
३. थर्मल पेस्ट नवी लावा, कूलरच्या चारही पिना घट्ट बसल्यात का बघा, तापमान तपासा.
४. कपॅसिटर फुगलेत का? दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहा.
५. रात्रभर मेमटेस्ट चालवा. एरर आली तर रॅम बदलून बघा.

कोणी म्हणेल, जुनं किती दिवस ओढायचं? मान्य. फुगलेल्या कपॅसिटरच्या बोर्डावर पैसे घालू नका. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. पण लिनक्स चालतं. जुनाच प्रोसेसर ठेवून एक एसएसडी टाकली तरी टायपिंग आणि सरावापुरतं मशीन उभं राहतं. पोरांच्या हाताला कीबोर्डच नसण्यापेक्षा ते कधीही बरं.

मागणी साधी आहे. शाळा व्यवस्थापन समितीने निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत या पाच तपासण्यांचा लेखी अहवाल मागावा. दुकानदाराचा तोंडी शब्द चालणार नाही. ज्याला नवीन मशीन विकायचंय, त्यानेच जुनं मेलं म्हणून सांगायचं, हा कुठला न्याय?

तुमच्या गावच्या शाळेत किती मशीन असे पडून आहेत? कमेंटमध्ये सांगा आणि पुढच्या बैठकीत विचारा.